बेसबॉल खेळाडूंच्या जुन्या फिगर्स जमवणारं कुणी आहे का इथे?

होबोकनवाला

नमस्कार मंडळी. इथे क्रिकेटवर दर आठवड्याला हाणामारी होते, तेव्हा एखादा धागा बेसबॉलचा चालवून घ्या. छंद जरा आडवळणाचा आहे: बेसबॉल खेळाडूंचे जुने प्लास्टिकचे पुतळे आणि फिगर्स. अमेरिकेत आल्यावर हा खेळ बघायला लागलो तो ऑफिसातल्या गप्पांत तोंड उघडता यावं म्हणून. त्याच्या इतिहासाची गोडी लागली ती मात्र या पुतळ्यांपायी.

हार्टलँडपासून सुरुवात करतो. विस्कॉन्सिनमधल्या हार्टलँड गावची हार्टलँड प्लास्टिक्स ही कंपनी. घोडे आणि घोड्यावरचे काउबॉय यासाठी तिचं नाव होतं. १९५८ ते १९६३ या काळात त्यांनी बेसबॉल खेळाडूंचे साधारण ८ इंची पुतळे काढले. एकूण १८ खेळाडू. हँक एरन, विली मेझ, मिकी मँटल, टेड विल्यम्स, स्टॅन म्युझियल, अर्नी बँक्स, योगी बेरा अशी तेव्हाची बडी मंडळी आणि जोडीला १९४८ मध्येच वारलेला बेब रूथ. प्लास्टिक मुळात पांढरंशुभ्र होतं, आता बहुतेकांचं पिवळट पडलंय. बॅट हरवलेली असते. बेरा हा कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा; त्याच्या तोंडावरची जाळी वेगळी निघते, त्यामुळे ती तर हमखास गायब. पण चेहरे बघा! घाऊक खेळणं म्हणून केलेलं असूनही मेझ हा मेझच दिसतो.

या अठरांत सगळ्यात दुर्मीळ कोण? मँटल नाही, रूथ नाही. डिक ग्रोट. पिट्सबर्ग पायरट्सचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक. त्याचा पुतळा कमी संख्येने निघाला, म्हणून बाकीच्यांच्या कितीतरी पट भाव. आता ग्रोट का निवडला असेल? १९६० साली पायरट्सनी वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, न्यूयॉर्क यँकीजना हरवलं, सातव्या सामन्यात बिल मॅझरोस्कीने शेवटी होम रन (आपल्या षटकारासारखा चेंडू मैदानाबाहेर) मारून. त्या वर्षी नॅशनल लीगचा (मोठ्या दोन लीगपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) सर्वोत्तम खेळाडू ठरला ग्रोट. फलंदाजीची सरासरी ०.३२५ (हजार प्रयत्नांत ३२५ हिट्स; हिट म्हणजे चेंडू मारून सुखरूप बेस गाठणं), लीगमध्ये पहिला. हरकत घेण्यासारखं काही नाही.

पण त्याच संघात रोबेर्तो क्लेमेंटे होता. पोर्तो रिकोचा, काळा, स्पॅनिश बोलणारा. १९६० मध्ये सरासरी ०.३१४, संघात सर्वाधिक ९४ धावा त्याने घडवून आणलेल्या, वर्ल्ड सिरीजच्या सातही सामन्यांत किमान एक हिट. सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात नंबर आला आठवा. हे त्याला आयुष्यभर सललं. पत्रकार त्याचं इंग्रजी जसंच्या तसं, उच्चारांसकट छापायचे. खेळाडूंची चित्रकार्डं काढणाऱ्या टॉप्स कंपनीच्या कार्डांवर तर १९५७ ते १९६९ पर्यंत त्याचं नाव परस्पर ‘बॉब क्लेमेंटे’ करून टाकलेलं. हार्टलँडच्या १८ जणांत तो नाहीच.

हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. ग्रोट एवढा महाग का म्हणून खोदत गेलो आणि क्लेमेंटेपाशी पोचलो. तेव्हापासून कुठलाही संच हाती आला की आधी बघतो, यात कोण नाही.

तुमच्याकडे असे काही असतील तर लिहा.

गल्लीबोळ

लेख भारी. पण बेसबॉल आपल्याला कळत नाही बुवा. एवढी मोठी बॅट आणि नुसतं एक तर चेंडू बाहेर नाहीतर खेळाडू आउट. हार्टलँडवाल्यांनी ब्रॅडमनचा पुतळा केला असता तर घेतला असता. :)

होबोकनवाला

@गल्लीबोळ, ब्रॅडमन आणि रूथ खरंच भेटलेत. १९३२ च्या जुलैत ऑस्ट्रेलियन संघ अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर होता तेव्हा, यँकी स्टेडियममध्ये. दोघे शेजारी बसलेला फोटोही आहे.

आणि या दोन खेळांत तुम्हाला वाटतं तेवढी सोवळ्या-ओवळ्याची भिंत नव्हती. क्रिकेटचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १८४४ मध्ये न्यूयॉर्कला झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा १८६९ चा पहिला उघड-उघड व्यावसायिक बेसबॉल संघ. तो बांधणारा हॅरी राइट इंग्लंडात शेफील्डला जन्मलेला आणि न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात पगारी क्रिकेटपटू होता. बेसबॉलचा धावफलक आणि आकडेवारी रुजवणारा हेन्री चॅडविक हाही जन्माने इंग्रज आणि आधी क्रिकेटचा वार्ताहर. फिलाडेल्फियाचा बार्ट किंग बेसबॉलमधली फेक क्रिकेटात घेऊन गेला आणि १९०८ मध्ये इंग्लंडच्या मोसमातल्या गोलंदाजी सरासरीत पहिला आला. घरचंच कार्य आहे हो, भाऊबंदकी तेवढी झाली.

सिनसिनाटीची_सून

वा! अगदी माझ्या गावचा विषय. हार्टलँडचं मला ठाऊक नव्हतं, पण स्टार्टिंग लाइनअप या फिगर्सच्या मालिकेचं सगळं इथलंच. केनर ही खेळण्यांची कंपनी सिनसिनाटीची. त्यांच्या स्टार वॉर्सच्या बाहुल्यांनी १९७८ पासून बख्खळ पैसा केला होता, मग ती लाट ओसरली. इथल्या बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघात पॅट मॅकिनली म्हणून पंटर (चेंडू लाथेने लांब धाडणारा) होता, हार्वर्डचा पदवीधर. निवृत्तीनंतर त्याच्या डोक्यात आलं की दुकानात सैनिक आहेत, अंतराळवीर आहेत, राक्षस आहेत, मग खरे खेळाडू का नाहीत? ही कल्पना घेऊन तो केनरकडे गेला. १९८८ मध्ये साधारण ४ इंची फिगर्स बाजारात आल्या, सोबत प्रत्येक खेळाडूचं कार्ड. बेसबॉलचे पहिल्याच वर्षी १२४ खेळाडू!

हे महाशय म्हणजे व्यावसायिक फुटबॉलमध्ये निवडीच्या वेळी जी बुद्धिमापन परीक्षा घ्यायचे, तिच्यात ५० पैकी ५० मिळवणारे. आमच्या सासूबाईंना हे सांगितलं तर म्हणाल्या, आणि शेवटी बाहुल्याच केल्या ना.

माझा प्रश्न व्यावहारिक आहे. नवऱ्याने कॉलेजात असताना घेतलेली दोन खोकी तळघरात पडून आहेत, एकही पाकीट फोडलेलं नाही. दर हिवाळ्यात ‘याची किंमत वाढतेय’ हे ऐकते. खरंच वाढतेय का?

होबोकनवाला

@सिनसिनाटीची_सून, माहितीबद्दल आभार. उत्तर जरा जपून सांगा घरी: बहुतेकांची नाही. नव्वदीत लाखो लोकांनी अगदी याच विचाराने पाकिटं न फोडता ठेवली. सगळ्यांनीच जपल्यावर दुर्मीळ होणार काय! बरीचशी आज पाच-दहा डॉलरच्या टोपलीत असतात.

तरी चाळून बघा. केनर सुरुवातीला संघवार पेट्या त्या-त्या भागातच पाठवायचं. सिएटलचे खेळाडू सिएटलकडे, क्लीव्हलँडचे क्लीव्हलँडकडे. त्यामुळे लहान बाजारपेठेतल्या संघाचा एखादा किरकोळ खेळाडू आज मोठ्या ताऱ्यापेक्षा जास्त खाऊन जातो. पुठ्ठ्याचे कोपरे दुमडलेत का, वरचा पारदर्शक फुगा पिवळा पडलाय का, तडकलाय का, हे बघा. तळघरात ओल असेल तर पुठ्ठा आधी जातो.

खडूस_कारकून

सगळा धागा वाचला. प्लास्टिकचा कचरा साठवायचा आणि त्याला इतिहास म्हणायचं, छान आहे. इतिहासच शिकायचा तर ग्रंथालयं ओस पडली आहेत. कंपनीने खपेल ते बनवलं, तुम्ही घेतलं. यात ज्ञान कुठे आलं?

ठोंब्या_नं_१

आले कारकून. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

होबोकनवाला

कारकून, ‘खपेल ते बनवलं’ हे तुमचं वाक्य अगदी मान्य. त्यातच सगळं आलं. पुस्तक लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो, साचा पाडणाऱ्याला नसतो. त्या-त्या वर्षी कुणाचं नाणं खणखणीत समजलं जात होतं, ते पुतळ्यात तसंच्या तसं गोठून राहतं.

१९८८ चाच पहिला संच घ्या. त्यात पीट रोझ आहे, सिनसिनाटीच्या पोशाखात. सर्वाधिक हिट्सचा विक्रम त्याच्या नावावर, गावाचा लाडका. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये सट्टेबाजीसाठी त्याच्यावर कायमची बंदी आली. कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेमची, म्हणजे बेसबॉलमधल्या दिग्गजांच्या सन्मानगृहाची, दारं त्याला बंद झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये तो गेला आणि मे २०२५ मध्ये, मेल्यावर, ती बंदी उठली. पाकिटातला रोझ मात्र अजून १९८८ मध्येच आहे.

त्याच संचात तरुण मार्क मॅग्वायर आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात त्याने ७० होम रन मारले, सॅमी सोसाने ६६, आणि रॉजर मॅरिसचा ६१ चा विक्रम दोघांनीही मोडला. अख्खा देश वेडा झाला होता. फिगर्सचे भाव गगनाला. जानेवारी २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याचं स्वतः कबूल केलं. आज त्याचं पाकीट कुणी फुकट दिलं तरी लोक विचार करतात. बॅरी बाँड्सही तिथेच आहे, पायरट्सच्या पोशाखात. पुढे त्याने २००१ मध्ये ७३ आणि कारकिर्दीत ७६२ होम रन मारले. दोन्ही विक्रम त्याच्या नावावर, आणि हॉल ऑफ फेममध्ये नाव नाही.

ग्रंथालयात मीही जातो. पण काय शोधायचं ते मला या फळीवरून कळतं.

खडूस_कारकून

रोझचं माहीत नव्हतं. बाकी मत कायम.

पाथ_ट्रेनची_वारी

मॅरिसचा उल्लेख आलाच आहे तर जोडते. १९६१ मध्ये तो बेब रूथचा १९२७ चा ६० होम रनचा विक्रम मोडायला निघाला, तेव्हा लोकांना ते आवडलंच नव्हतं. मोडायचाच तर लाडक्या मँटलने मोडावा, हा कोण उपटसुंभ! त्या वर्षी अमेरिकन लीगचे सामने १५४ वरून १६२ झाले होते. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी मोसम चालू असताना जाहीर केलं की १५४ सामन्यांच्या आत झालं नाही तर नोंद वेगळी होईल. ताणाने बिचाऱ्याचे केस गळायला लागले होते. हार्टलँडने मात्र मँटल आणि मॅरिस दोघांचेही पुतळे काढले. त्याच काळात निघालेल्या मान हलवणाऱ्या बाहुल्यांतही दोघे आहेत ना?

होबोकनवाला

आहेत. १९६० च्या सुमाराला जपानमध्ये बनलेल्या कागदाच्या लगद्याच्या मान-हलव्या बाहुल्या आल्या. बहुतेक संघांच्या, एकाच गोलमटोल चेहऱ्याच्या. नावानिशी खेळाडू फक्त चार: मँटल, मॅरिस, मेझ आणि, बसा खाली, क्लेमेंटे! तिथे त्याला जागा मिळाली. या बाहुल्या पडल्या की टवका उडतो, मानेजवळ तडा जातो. धड असलेली बघायला मिळणंही नशीब.

क्लेमेंटेचं पुढचं राहिलं. १९७२ च्या ३० सप्टेंबरला त्याने ३,००० वी हिट मारली. त्याच वर्षी निकाराग्वाची राजधानी मानाग्वा भूकंपात कोसळली. आधी पाठवलेली मदत लोकांपर्यंत पोचत नाही असं कानावर आलं, म्हणून ३१ डिसेंबरच्या रात्री तो स्वतः मदतीच्या विमानात बसला. प्रमाणाबाहेर लादलेलं विमान पोर्तो रिकोच्या किनाऱ्याजवळच समुद्रात पडलं. मृतदेह मिळाला नाही. हॉल ऑफ फेमसाठी पाच वर्षं थांबायचा नियम बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला घेतलं. कारकिर्दीतल्या हिट्स बरोबर ३,०००.

निशिगंधा_के

वाचून सुन्न झाले.

पाथ_ट्रेनची_वारी

आता माझा मूळ प्रश्न. जर्सी सिटीला जर्नल स्क्वेअर स्टेशनबाहेर एका खेळाडूचा पुतळा आहे. भाजी-फरसाणासाठी इंडिया स्क्वेअरला जाताना शंभरदा त्याच्या शेजारून गेले असेन. जॅकी रॉबिन्सन, विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये उतरलेला पहिला काळा खेळाडू. पण तो तर ब्रुकलिनचा ना? जर्सी सिटीत का?

होबोकनवाला

कारण तो आधी जर्सी सिटीत खेळला! सगळे १५ एप्रिल १९४७ ची तारीख सांगतात, ब्रुकलिन डॉजर्सकडून एबेट्स फील्डवर उतरला ती. पण त्याच्या आदल्या वर्षी, १८ एप्रिल १९४६ ला, डॉजर्सच्या खालच्या स्तरावरच्या मॉन्ट्रिऑल रॉयल्स संघातून तो जर्सी सिटीच्या रूझवेल्ट स्टेडियममध्ये खेळला. गोऱ्यांच्या व्यावसायिक बेसबॉलमधली रंगाची भिंत पडायला तिथून सुरुवात झाली. पाचपैकी चार हिट्स, त्यात तिघांना घरी आणणारा होम रन. मॉन्ट्रिऑलने १४-१ ने धुतलं. स्टेडियम १९८५ मध्ये पाडलं. पुढच्या वेळी फरसाणाची पिशवी सांभाळत पाच मिनिटं थांबा तिथे.

फिगर्सच्या बाबतीत म्हणाल तर रॉबिन्सन १९५६ मध्येच थांबला, त्यामुळे हार्टलँडमध्ये नाही. केनरने १९९४ पासून जुन्या दिग्गजांची कूपर्सटाउन मालिका काढली, तिच्यात आला. काही पाकिटांत त्याच्या पाठीवर ४२ च्या ऐवजी ४४ पडलंय. तीनच वर्षांनी, १९९७ मध्ये, ४२ हा आकडा सगळ्या संघांतून सन्मानाने निवृत्त केला. जो आकडा आज कुणाला कायमचा मिळत नाही, तो कारखान्यात चुकला होता.

रॉबिन्सनच्या आधीचे कृष्णवर्णीय खेळाडू हा तर सगळ्यात मोठा रिकामा कप्पा. १९२० मध्ये रूब फॉस्टरने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग उभी केली. तिथे सॅचेल पेज होता, ज्याला मोठ्या लीगची दारं १९४८ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी उघडली. पुढच्या निग्रो लीगमध्ये जॉश गिब्सन होता. तो जानेवारी १९४७ मध्ये ३५ व्या वर्षी वारला, रॉबिन्सन उतरायच्या तीन महिने आधी. डिसेंबर २०२० मध्ये त्या लीगना मोठ्या लीगचा दर्जा मिळाला. मे २०२४ मध्ये आकडेवारी एकत्र केली आणि गिब्सन कारकिर्दीतल्या ०.३७२ च्या सरासरीने आधीच्या विक्रमवीर टाय कॉबच्या वर गेला. हार्टलँडच्या काळात यांचा पुतळा करावा हे कुणाच्या मनातही आलं नाही.

न्यू जर्सीकरांनो, पॅटरसनचं हिंचलिफ स्टेडियम बघून या. १९३२ चं. न्यूयॉर्क ब्लॅक यँकीज तिथे खेळायचे. बरीच वर्षं बंद पडलं होतं, २०२३ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा सुरू झालं. अमेरिकन लीगमधला पहिला काळा खेळाडू लॅरी डोबी हा पॅटरसनचाच.

निशिगंधा_के

यात एकही बाई नाही का हो?

पाथ_ट्रेनची_वारी

आहे की. एफा मॅनली, नेवार्क ईगल्सची मालकीण. डोबी तिच्याच संघात होता. १९४६ मध्ये ईगल्सनी निग्रो लीगची वर्ल्ड सिरीज जिंकली. मोठे संघ निग्रो लीगचे खेळाडू फुकटात पळवतात, त्यांचे पैसे द्या म्हणून ती भांडली आणि डोबीसाठी घेतलेही. हॉल ऑफ फेममध्ये २००६ मध्ये गेली. तिथली एकमेव स्त्री.

बुधवारपेठी

होबोकनवाले, रॉबिन्सनचं वाचताना बाळू पालवणकर आठवले नाहीत का तुम्हाला? रॉबिन्सनच्या पन्नास वर्षं आधी, आपल्या पुण्यात. चांभार कुटुंबातला डावखुरा फिरकी गोलंदाज. क्लबात मैदानावर चेंडू सगळ्यांनी हाताळायचा, आणि चहाच्या वेळी बाळूंना मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. मुंबईतल्या धर्मवार संघांच्या स्पर्धेतल्या हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना शेवटपर्यंत दिलं नाही. धाकटे बंधू विठ्ठल १९२३ मध्ये कर्णधार झाले, तेही भावांनी आधी निषेध म्हणून संघ सोडून दाखवल्यावर. विठ्ठलनी मराठीत आत्मचरित्रही लिहिलंय. तुमच्या ‘कोण नाही’ या प्रश्नाचं आपल्या घरचं उत्तर हे.

गल्लीबोळ

+१. आणि १९३७ च्या निवडणुकीत बाळू चक्क डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभे होते, हरले. ज्या बाबासाहेबांना तरुणपणी त्यांचा अभिमान होता त्यांच्याच विरोधात. रॉबिन्सनच्या गोष्टीपेक्षा ही गुंतागुंतीची आहे.

होबोकनवाला

बुधवारपेठी, नुसते आठवले नाहीत, गेले वर्षभर डोक्यात आहेत. रॉबिन्सनच्या शेजारी फळीवर जागा मोकळी ठेवली आहे. पण ठेवणार काय?

पेणकर_मूर्तिवाले

दादा, मी इथे फक्त वाचायला येतो, पण आता लिहितो. आमचा गणपतीचा कारखाना आहे. वर त्या ४ इंची बाहुल्यांचे फोटो शोधून बघितले. अंग बरेचसे एकाच साच्यातले आहेत, डोकं आणि रंगकाम तेवढं वेगळं. आमच्याकडेही तेच चालतं, बैठक तीच, सोंड-मुकुट बदलला की गिऱ्हाईक म्हणतं हा आमचाच बाप्पा. हार्टलँडवाल्यांनी मात्र प्रत्येकाचा साचा वेगळा केलेला दिसतो, म्हणून तो माल चांगला.

बाळू पालवणकर मी शाडूत करून देतो. रंग नको म्हणाल तर नुसता पॉलिश.

बुधवारपेठी

क्या बात है! मला एक हवा. विठ्ठलही करणार का?

सिनसिनाटीची_सून

माझाही एक. नवऱ्याची दोन्ही खोकी विकून पैसे देते.

होबोकनवाला

पेणकर दादा, शाडू अमेरिकेपर्यंत अखंड येईल का? बोट जरी तुटलं तरी फिरकी गोलंदाजाचं अवघड आहे.

पेणकर_मूर्तिवाले

परदेशात माल दरवर्षी जातो, पॅकिंगची काळजी सोडा. शाडूची भीती वाटत असेल तर फायबरमध्ये काढू. मला एवढं सांगा: गोलंदाजी टाकतानाचे बाळू हवेत की नुसते उभे? टाकतानाचे असतील तर डावा हात वर जाणार, मग तोल सांभाळायला उजव्या पायाखाली पाट लागेल. डोक्यावर टोपी की पागोटं, ते जुन्या फोटोवरून नक्की करून पाठवा. चेंडू बोटांत कसा धरायचे ते कुणी जाणता असेल तर तेही लिहा. आणि ४ इंच की ८ इंच ते आधी एकमताने ठरवा, साचा त्यावर आहे. गणपती मार्गी लागले की हातात घेतो, त्याआधी जमायचं नाही.